रविवारी न खेळलेला खेळाडू आणि आपला शनिवार

खेळाच्या बातम्यांना आमच्या अंकात सहसा जागा मिळत नाही. आणि रग्बी हा खेळ तर आपल्या समाजाला जवळजवळ अपरिचितच आहे. मुंबईत असताना आपल्यापैकी काही वडीलधाऱ्यांनी बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर भर पावसाळ्यात चिखलात लोळणारे खेळाडू रस्त्यावरून जाताजाता पाहिले असतील, एवढीच काय ती ओळख. तरीसुद्धा या वेळी न्यूझीलंडच्या एका रग्बीपटूची कारकीर्द आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. त्याचे कारण असे की, त्या कारकिर्दीतून जो प्रश्न उभा राहतो तो आपल्या कित्येक घरांत आज उभा आहे. मुलगा दहा-बारा वर्षांचा होतो, त्याच्या पायात कसब आहे असे शिकविणारे सांगू लागतात, संघात त्याची निवड होते, घरात पेढे वाटले जातात. आणि मग कळते की सामने शनिवारी आहेत. पुढे जो वाद सुरू होतो तो वाचकांना आम्ही सांगावयास नको. आजी एक बोलते, बाप दुसरे बोलतो, आणि मुलगा दोघांच्या तोंडाकडे पाहत राहतो.

त्या रग्बीपटूचे नाव मायकेल जोन्स. त्याचा जन्म ८ एप्रिल १९६५ रोजी ऑकलंड शहरात झाला. त्याची आई सामोआ बेटांची. सामोआ हा पॅसिफिक महासागरातील लहानसा द्वीपसमूह. तेथील लोक ख्रिस्ती धर्माचे, आणि रविवार पाळण्याच्या बाबतीत मोठे कडक. रविवारी गावे शांत असतात, लोक प्रार्थनेला जातात, परत आल्यावर घरची सारी माणसे एकत्र बसून जेवतात. आपल्या शब्बाथची आठवण व्हावी असेच ते चित्र आहे. पोटापाण्यासाठी बेटे सोडून न्यूझीलंडमध्ये स्थायिक झालेल्या सामोअन कुटुंबांनी हा रविवारही आपल्याबरोबर नेला. म्हणजे प्रारंभापासूनच ही गोष्ट एका स्थलांतरित समाजाच्या मुलाची आहे. आणि म्हणूनच ती आपल्याला परकी वाटू नये.

खेळाविषयी दोन शब्द सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. रग्बी युनियनमध्ये दर बाजूला पंधरा गडी असतात आणि सामना ऐंशी मिनिटांचा असतो. चेंडू लंबगोल, तो हातात घेऊन धावता येते, परंतु सहकाऱ्याकडे फेकायचा तो मागच्या दिशेनेच. प्रतिपक्षाने चेंडूवाल्याला कवटाळून खाली पाडायचे. आपल्या हुतुतूतील पकडीसारखेच, फक्त येथे समोरचा गडी शंभर किलोंचा असतो आणि पूर्ण वेगाने अंगावर येत असतो. पंधरांपैकी आठ गडी आघाडीचे. स्क्रमच्या वेळी हे आठ जण खांद्यात खांदे अडकवून प्रतिपक्षाच्या आठ जणांना रेटतात. त्यांतील शेवटच्या तिघांना मागची रांग म्हणतात: दोन बाजूंचे दोन फ्लँकर, पाठीवर ६ आणि ७ हे आकडे असलेले, आणि मधला नंबर आठ. या तिघांची कामगिरी विलक्षण कष्टाची असते. स्क्रम सुटताच धावायचे, पहिल्याने पोचायचे, पाडायचे, पडलेल्याच्या हातून चेंडू काढून घ्यायचा, आणि हे सर्व करीत असताना स्वतःच्या मानेवर व पाठीवर प्रतिपक्षाचे गडी आदळणार हे गृहीत धरायचे. बॅकच्या खेळाडूची धाव प्रेक्षकांच्या लक्षात राहते. मागच्या रांगेतील गड्याचे काम पुष्कळदा माणसांच्या ढिगाऱ्याखाली झाकलेले असते.

जाता जाता एक गोष्ट सांगावीशी वाटते. या खेळाचे भारताशी नाते अगदीच तुटपुंजे नाही. इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यात ज्या चषकासाठी सामना होतो तो कलकत्ता चषक, तेथील बंद पडलेल्या फुटबॉल क्लबाच्या शिल्लक रुपयांची चांदी वितळवून १८७८ मध्ये घडविला गेला. त्याच्या कड्या नागाच्या आकाराच्या असून झाकणावर हत्ती आहे. असो.

जोन्स हा सात नंबरचा फ्लँकर. १९८६ मध्ये तो आईच्या देशाकडून, म्हणजे तेव्हाच्या पश्चिम सामोआकडून, वेल्सविरुद्ध एक कसोटी सामना खेळला. पुढच्याच वर्षी न्यूझीलंडच्या राष्ट्रीय संघात, ज्याला काळ्या पोषाखामुळे ऑल ब्लॅक्स म्हणतात, त्याची निवड झाली. रग्बीची पहिली विश्वचषक स्पर्धा २२ मे १९८७ रोजी ऑकलंडच्या ईडन पार्क मैदानावर न्यूझीलंड विरुद्ध इटली या सामन्याने सुरू झाली. त्या सामन्यात, आणि म्हणून विश्वचषकाच्या इतिहासात, खेळाडूच्या नावावर नोंदला गेलेला पहिला ट्राय जोन्सचा. २० जून रोजी फ्रान्सविरुद्ध झालेल्या अंतिम सामन्यातील पहिला ट्रायही त्याचाच. न्यूझीलंडने तो सामना २९–९ असा जिंकला. चार वर्षांनी, १९९१ च्या स्पर्धेचा पहिला सामना लंडनच्या ट्विकनहॅम मैदानावर इंग्लंडशी झाला. त्यातील एकमेव ट्राय पुन्हा जोन्सने केला. जॉन हार्ट या न्यूझीलंडच्या नामांकित प्रशिक्षकाने त्याचे वर्णन जवळजवळ परिपूर्ण रग्बीपटू असे केले आहे. १९९८ पर्यंत तो न्यूझीलंडकडून ५५ कसोटी सामने खेळला आणि त्यांत त्याने १३ ट्राय केले.

पण हा झाला जमेचा भाग. या कारकिर्दीत काही जागा मोकळ्या आहेत, आणि त्या त्याने स्वतः मोकळ्या ठेवल्या. जोन्स रविवारी खेळत नसे. १९८७ च्या विश्वचषकातील उपांत्य सामना वेल्सशी, १४ जूनला ब्रिस्बेन येथे होता. तो रविवार होता. जोन्स खेळला नाही. १९९१ मध्ये इटलीशी १३ ऑक्टोबरला, कॅनडाशी २० ऑक्टोबरला आणि ऑस्ट्रेलियाशी उपांत्य सामना २७ ऑक्टोबरला होता, तिन्ही रविवार, तिन्ही सामन्यांत जोन्स नव्हता. आणि १९९५ मध्ये दक्षिण आफ्रिकेत भरलेल्या स्पर्धेत न्यूझीलंडचे उपउपांत्य व उपांत्य असे दोन्ही सामने रविवारीच येणार होते. ऐन मोक्याच्या दोन सामन्यांत जो गडी मिळणार नाही त्याला इतक्या दूर कशाला न्यावे, असा विचार निवडसमितीने केला आणि जोन्सला संघातच घेतले नाही. तीस वर्षांचा खेळाडू. पुढची स्पर्धा चार वर्षांनी. म्हणजे त्याच्या वाट्याचा तिसरा विश्वचषक कायमचा गेला, हे त्याला कळत नव्हते असे नाही.

यावर जे आक्षेप घेतले गेले व घेतले जातात ते क्षुल्लक नाहीत. पहिला आक्षेप असा की, रग्बी हा एकट्याचा खेळ नव्हे. चौदा सोबती घाम गाळीत असताना पंधराव्याने आपल्या श्रद्धेसाठी बाजूला बसावे हा त्या चौदांवर अन्याय नव्हे काय? १९९१ चा उपांत्य सामना न्यूझीलंडने ६–१६ असा गमावला, तेव्हा ही कुजबुज झालीच असणार. दुसरा आक्षेप असा की, ज्याला देशाने निवडले त्याच्यावर देशाचा हक्क आधी.

पहिल्या आक्षेपाचा आम्ही थोडा खोलात जाऊन विचार केला, आणि त्यातून जे आढळले ते वाचकांनी पडताळून पाहावे. १९८७ चा उपांत्य सामना जोन्सवाचून न्यूझीलंडने ४९–६ असा जिंकला. १९९५ मध्ये त्याच्यावाचून तोच संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला. तेव्हा जोन्स नव्हता म्हणून हरले हे जितके सिद्ध करता येत नाही, तितकेच तो नव्हता तरी काही बिघडले नाही हेही सिद्ध करता येत नाही. हारजितीच्या हिशेबाने हा प्रश्न सुटणारा नव्हे.

परंतु दुसरा एक हिशेब फार बोलका आहे. १९८९ मध्ये अर्जेंटिनाविरुद्ध खेळताना जोन्सच्या गुडघ्याला भयंकर दुखापत झाली आणि तो कित्येक महिने मैदानाबाहेर राहिला. परत आल्यावर पूर्वीचा वेग पुरेपूर उरला नव्हता. पुढे तो ७ नंबरऐवजी ६ नंबरच्या जागी खेळू लागला, आणि त्या जागीही त्याने नाव कमावले. १९९६ मध्ये न्यूझीलंडने दक्षिण आफ्रिकेत जाऊन तेथील कसोटी मालिका इतिहासात प्रथमच जिंकली, त्या संघात तो होता. १९९७ मध्ये फिजीविरुद्ध पुन्हा गुडघाच दुखावला आणि ते वर्ष जवळजवळ सारे वाया गेले. या दोन दुखापतींनी त्याचे जितके कसोटी सामने हिरावून घेतले तितके सर्व रविवारांनी मिळूनही घेतले नाहीत. गुडघ्यासाठी तो घरी बसला तेव्हा सोबत्यांचा विश्वासघात झाला असे कोणी म्हटले नाही. उलट सर्वांना हळहळ वाटली. म्हणजे शरीराने मागितलेली किंमत जगाला समजते. मनाने मागितलेली किंमत मात्र हट्ट वाटते. आम्हांला हा न्याय पटत नाही. ज्या मनाने तो माणूस उरलेले सहा दिवस स्वतःला धडकांच्या तोंडी देत होता, तेच मन सातव्या दिवशी थांब म्हणत होते. एक घ्यायचे आणि दुसरे नाकारायचे, हे कसे चालावे?

दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर जोन्सच्या वागण्यातच आहे. त्याने काय केले याबरोबर काय केले नाही हेही पाहिले पाहिजे. सामन्याचा वार बदला असा आग्रह त्याने धरला नाही. रविवारी खेळणाऱ्या सोबत्यांना त्याने पापी म्हटले नाही. त्यांच्यापासून तो वेगळाही राहिला नाही. आपली अट त्याने लपवून ठेवली नाही. निवडणाऱ्यांना ती ठाऊक होती, आणि ठाऊक असूनच त्यांनी त्याला पुन्हा पुन्हा निवडले. आणि १९९५ मध्ये ज्या दिवशी त्यांनी निवडले नाही, त्या दिवशी अन्याय झाला असा गवगवा त्याने केला नाही. निवडसमितीला तिचे काम होते, त्याला त्याचे. किंमत आधी ठरलेली होती. ती मागितली गेली तेव्हा त्याने चुकती केली. तसा हा माणूस मुळात पडखाऊ नव्हे. इतका धार्मिक असून प्रतिपक्षाच्या गड्याला इतक्या जोराने कसा पाडतोस, असे विचारले की घेण्यापेक्षा देणे अधिक पुण्याचे असते असे आपला धर्मग्रंथच सांगतो, असे मिस्किल उत्तर तो देई म्हणतात.

असे करणारा तो पहिला नव्हे. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्कॉटलंडच्या एरिक लिडेलने शंभर मीटरची शर्यत सोडली, कारण तिच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी होत्या; आणि चारशे मीटरमध्ये सुवर्णपदक मिळविले. हा लिडेलही स्कॉटलंडच्या रग्बी संघाकडून खेळलेला. आपल्या धर्मबांधवांपैकी अमेरिकेचा बेसबॉलपटू सँडी कोफॅक्स याने ६ ऑक्टोबर १९६५ रोजी, किपूरचा दिवस म्हणून, वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना खेळण्यास नकार दिला. त्याचा संघ तो सामना हरला. परंतु सातवा व निर्णायक सामना कोफॅक्सनेच जिंकून दिला. या गोष्टी आपण मुलांना मोठ्या कौतुकाने सांगतो. पण येथे एक सावधगिरी हवी. या कथांचा शेवट गोड आहे म्हणून त्या खऱ्या, असे मुलांच्या मनात ठसता कामा नये. श्रद्धा पाळली की पदक मिळतेच असा सौदा देवाने कोणाशी केलेला नाही. जोन्सची कथा आम्हांला अधिक मोलाची वाटते ती याचसाठी, की तीत १९९५ चे वर्ष आहे. त्या वर्षी त्याला काहीही मिळाले नाही.

आणि हेच वर्ष त्या खेळाच्या इतिहासात दुसऱ्या कारणानेही महत्त्वाचे आहे. तोपर्यंत रग्बी युनियन हौशी खेळ होता. खेळाडूने खेळण्याचे पैसे घ्यावयाचे नाहीत असा दंडक होता. २३ जून १९९५ रोजी, म्हणजे विश्वचषकाच्या अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी, दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड व ऑस्ट्रेलिया यांच्या संघटनांनी आपल्या सामन्यांचे दूरचित्रवाणीचे हक्क न्यूज कॉर्पोरेशनला दहा वर्षांसाठी ५५ कोटी ५० लाख डॉलरांना दिल्याचे जाहीर केले. २६ ऑगस्ट १९९५ रोजी आंतरराष्ट्रीय रग्बी मंडळाने पॅरिस येथे हा खेळ व्यवसायाला खुला केला. पुढच्या वर्षी सुपर १२ ही व्यावसायिक स्पर्धा सुरू झाली. जोन्स त्या स्पर्धेत ऑकलंड ब्लूज संघाकडून खेळला. या संघाने १९९६ आणि १९९७ अशी लागोपाठ दोन वर्षे विजेतेपद मिळविले. पगारी खेळाडू झाल्यावरही त्याचा रविवार सुटला नाही.

हे त्याला साधले, कारण तो मायकेल जोन्स होता. येथे आमच्या लेखाचा खरा मुद्दा येतो. हौशी खेळाडू नाही म्हणतो तेव्हा सामना गमावतो. पगारी खेळाडू नाही म्हणतो तेव्हा पोट धोक्यात घालतो. सामन्याचा वार आता खेळाडू ठरवीत नाही, क्लबही पुरता ठरवीत नाही. तो ठरवितो हक्क विकत घेणारा. ज्याच्यासारखा दुसरा मिळत नाही त्याची अट लोक मान्य करतात. ज्याच्यासारखे पन्नास दाराशी रांगेत उभे आहेत, त्याने अट घालून पाहावी! गरज सरो आणि वैद्य मरो हा व्यवहार तेथे रोकडा आहे. म्हणून असामान्य माणसाच्या निष्ठेचे पोवाडे गाऊन थांबणे पुरेसे नाही. सामान्य माणसाला तीच निष्ठा पाळता येईल अशी व्यवस्था आहे काय, हे विचारले पाहिजे.

हा प्रश्न आपल्याइतका दुसऱ्या कोणाला कळावा? कोकणच्या किनाऱ्यावर नवगावी उतरलेल्या आपल्या पूर्वजांजवळ, परंपरा सांगते त्याप्रमाणे, ग्रंथ उरले नव्हते. भाषा गेली, विधी पुसट झाले. उरले ते शमा, सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि शब्बाथ. कुलाबा जिल्ह्यातील गावोगाव त्यांनी तेलाचे घाणे चालविले, आणि शनिवारी घाणा बंद ठेवला. शेजाऱ्यांनी त्यांना शनवार तेली म्हटले. लक्षात घ्यावे, आपल्याला जगाने दिलेले पहिले नाव आपण काय करतो यावरून पडले तितकेच कोणत्या दिवशी करीत नाही यावरूनही पडले. घाणा स्वतःचा होता, बैल स्वतःचा होता, म्हणून तो बंद ठेवता आला. पुढे हीच माणसे मुंबईला गेली, कचेऱ्यांत, गिरण्यांत, पलटणीत, रेल्वेत लागली. तेथे सुटी रविवारची. शनिवारी कामावर न जावे तर नोकरी जाते, आणि जावे तर घाण्याची लाज वाटते, अशा कात्रीत दोन-तीन पिढ्या सापडल्या. कित्येकांनी शनिवारी सकाळी सिनेगॉगमध्ये तोंड दाखवून कचेरी गाठली. त्यांना आम्ही दोष देत नाही. मालक दुसरा असला की शब्बाथ एकट्याच्या निश्चयावर टिकत नाही, एवढेच त्यावरून दिसते.

मग आपण इस्राएलमध्ये आलो. येथे शब्बाथसाठी कोणापुढे हात जोडावे लागणार नाहीत अशी आपली समजूत होती, आणि कायद्यापुरती ती खरीही आहे. १९५१ च्या कामाचे व विश्रांतीचे तास ठरविणाऱ्या कायद्याने प्रत्येक कामगाराला आठवड्यातून सलग ३६ तासांची सुटी दिली असून, यहुदी कामगाराच्या बाबतीत शब्बाथ त्यात धरलेला आहे. तथापि फुटबॉलचे पुष्कळसे सामने पूर्वीपासून आजतागायत शनिवारीच होतात. २०१५ मध्ये दुय्यम श्रेणीतील काही फुटबॉलपटूंनी याविरुद्ध दाद मागितली. विशेष परवान्यावाचून शनिवारी सामने भरविणे कायद्याला धरून नाही, असे मत कामगार न्यायालयाने दिले. त्यावर फुटबॉल संघटनेने सर्वच सामने थांबविण्याचा इशारा दिला. अखेर सरकारकडून या बाबतीत खटले भरले जाणार नाहीत असे स्पष्ट झाल्यावर सामने पूर्ववत चालू राहिले. दाद मागणारे हे दुय्यम श्रेणीतील खेळाडू होते, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. ज्यांच्या नावावर तिकिटे खपतात असे ते नव्हते. ज्यांना एकट्याने नाही म्हणता येत नाही, अशांनी एकत्र येऊन म्हटलेले ते नाही होते.

दुसरी बाजूही आम्ही विसरत नाही. दिमोना, बेरशेबा, अश्दोद, लोद येथे आपली कुटुंबे आली तेव्हा आठवड्याचे सहा दिवस कामाचे होते. शनिवार हा एकच दिवस असा, की बापाला मुलाचे बोट धरून मैदानावर जाता येई. पुष्कळ बापांनी मुलाशी मैत्री केली ती त्या मैदानावरच. त्यांना अधार्मिक ठरविणे अन्यायाचे होईल. घरातल्या माणसांसह घालविलेला दिवस हाही शब्बाथचाच एक भाग आहे. शिवाय नव्या गावात, नव्या भाषेत, आपल्या सावळ्या मुलाला जेथे कोणी नाव न ठेवता टाळ्या दिल्या, ती जागाही पुष्कळदा फुटबॉलचे मैदानच होती. हे सुख आईबापांनी मुलाकडून सहज हिरावून घ्यावे असे आम्ही कोणत्या तोंडाने म्हणणार?

म्हणून आमचे म्हणणे आम्ही स्पष्ट शब्दांत मांडतो.

एक: ज्या घरी शब्बाथ पाळायचा असेल त्या घराने ते पहिल्या दिवशी सांगावे. निवड होईपर्यंत गप्प राहून सामन्याच्या आदल्या संध्याकाळी मुलाला अडविणे यासारखे निर्दय काही नाही. तळ्यात-मळ्यात करणारा मुलगा संघाचाही राहत नाही आणि घराचाही. जोन्सला मान मिळाला तो त्याची अट पक्की होती आणि सर्वांना ठाऊक होती म्हणून. जी अट प्रत्येक आठवड्याला बदलते ती अट नव्हे, ती सबब होय.

दोन: किंमत कोणती हे मुलाला खरेखरे सांगावे. बाकावर बसावे लागेल, कदाचित संघातून नाव जाईल, त्याच्याहून उणा मुलगा पुढे जाईल. देव याची भरपाई पदकाने करील असे खोटे आश्वासन देऊ नये. आणि मुलगा मोठा होऊन निर्णय त्याच्या हाती गेला, आणि त्याने वेगळा मार्ग धरला, तर दार बंद करू नये. जोन्सने रविवारी खेळणाऱ्या सोबत्यांशी मैत्री तोडली नाही. आपण शनिवारी खेळणाऱ्या पोटच्या मुलाशी बोलणे टाकावे काय?

तीन, आणि हे सर्वांत महत्त्वाचे: हा भार एकट्या मुलाच्या खांद्यावर टाकू नये. आपल्या समाजाच्या संस्था सहली काढतात, क्रीडास्पर्धा भरवितात, क्रिकेटचे सामने खेळवितात. लहान मुलांचे सामने शुक्रवारी सकाळी किंवा आठवड्यातील एखाद्या संध्याकाळी व्हावेत यासाठी गावोगावच्या क्लबांकडे व नगरपालिकांकडे एकत्रितपणे मागणी करणे त्यांना अशक्य नाही. एका घराने विनंती केली तर तो हट्ट ठरतो. पन्नास घरांनी केली तर वेळापत्रक हलते. ही मागणी शब्बाथ कडक पाळणाऱ्यांनीच करावी असेही नाही. स्वतःचा मुलगा शनिवारी खेळतो अशा बापानेही शेजारच्या मुलासाठी तीवर सही करावी, कारण येथे प्रश्न धर्माचा जितका आहे तितकाच निवडीचा आहे. ज्याला खेळायचे त्याने खेळावे; परंतु ज्याला थांबायचे त्याला थांबल्यामुळे बाहेर फेकले जाऊ नये.

या गोष्टीला कोणी असेही उत्तर देतील की, एवढ्याशा फुटबॉलसाठी इतका खटाटोप कशाला. आपल्या मुलांतून असे किती जण व्यावसायिक खेळाडू होणार आहेत? फार थोडे होतील, हे आम्हांलाही मान्य आहे. पण बारा वर्षांच्या वयात या मैदानावर जो मुलगा नाही म्हणावयास शिकेल, किंवा नाही म्हणताच येत नाही असे शिकेल, तोच पुढे कारखान्यात, कचेरीत, दुकानात मालकापुढे उभा राहणार आहे. मुंबईत आपल्या आजोबांना जे एकट्याने सोसावे लागले ते येथे नातवाने एकट्याने सोसू नये, एवढीच आमची इच्छा आहे.

मायकेल जोन्सने खेळणे सोडल्यावर २००४ ते २००७ या काळात सामोआच्या राष्ट्रीय संघाला शिकविले, आणि पश्चिम ऑकलंडमधील पॅसिफिक बेटांच्या स्थलांतरित कुटुंबांसाठी व तरुणांसाठी वर्षानुवर्षे काम केले. २०१७ मध्ये त्याला सर हा किताब मिळाला, तो पॅसिफिक समाजाच्या व तरुणांच्या सेवेबद्दल. ज्या समाजाने त्याला रविवार दिला, त्या समाजाच्या मुलांकडे तो परत वळला. आपल्या समाजानेही पूर्वजांकडून शनिवार घेतला आहे. मुलांना तो पाळावयास सांगायचे असेल तर तो पाळता येईल एवढी जागा त्यांच्यासाठी मोकळी करून ठेवणे, हे काम वडिलांचे आहे; मुलांचे नव्हे. येत्या हंगामाच्या नावनोंदणीपूर्वी गावोगावच्या मंडळांनी निदान एक बैठक या विषयावर घ्यावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.